उंबराखालची वर्दी

"सगळ्यांचे कपडे मातीत गेले, महाराज. माझेच का जात नाहीत?"

हणमंतराव रणदिवे उंबराखालच्या खड्ड्यात उभे होते. हात कोपरापर्यंत चिखलात. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, पण आवाज काही निवृत्त झाला नव्हता.

भिकनाथ महाराजांच्या मठात एक रीत होती. दीक्षा मागणाऱ्यानं आपला संसारातला पोशाख उंबराच्या मुळाशी पुरायचा. पावसाळा सरला की माती उकरायची. कापड मातीला मिळालं असलं, तर दुसऱ्या दिवशी महाराज कानात नवं नाव सांगत. नसलं, तर पुन्हा माती लोटायची आणि पुढच्या पावसाळ्याची वाट बघायची.

रणदिव्यांबरोबर आलेल्या म्हादबाचं धोतर पहिल्याच पावसाळ्यात गेलं. त्याला नाव मिळालं. हे रणदिव्यांच्या मनाला फार लागलं होतं.

"आण वर," महाराज म्हणाले.

रणदिव्यांनी पुडकं वर काढलं. जाड प्लास्टिकची पिशवी, तोंडाशी गच्च गाठ. आत खाकी वर्दी. इस्त्रीची घडीसुद्धा मोडली नव्हती.

"पिशवीत का घातलीस?"

"वर्दी आहे, महाराज. तशीच चिखलात कशी टाकू?"

महाराज हसले.

"पिशवी किती टिकते रे, फौजदार?"

"शेकडो वर्षं, म्हणतात."

"आणि कापड?"

"टेरिकॉट आहे. अर्धं सूत, अर्धं..." रणदिवे अडखळले. "अर्धं तेही प्लास्टिकच."

...

"घाल अंगात," महाराज म्हणाले.

रणदिव्यांनी हात धोतराला पुसले आणि वर्दी चढवली. पोट जरा आत घ्यावं लागलं, पण बटणं लागली. पाठ आपोआप ताठ झाली. समोरून म्हादबा बादली घेऊन चालला होता.

"ए म्हादबा! पाणी आण इकडे!"

मठात ते जुनं नाव आता कुणी घेत नसे. म्हादबा धावत आला. बादली ठेवली आणि हात जोडून, मान खाली घालून उभा राहिला.

रणदिव्यांचा हात पाण्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. त्यांना लाज वाटली. अशी लाज त्यांना आयुष्यात वाटली नव्हती.



रणदिव्यांनी वर्दी उतरवली. घडी न घालताच खड्ड्यात ठेवली आणि हातांनी माती ओढली. पिशवी तेवढी हातात उरली.

"ही कुठं टाकू?"

महाराजांनी उंबराकडे पाहिलं, ओढ्याकडे पाहिलं, पलीकडच्या शेतांकडे पाहिलं.

"टाकायला जागा दिसली तर टाक."

रणदिव्यांनीही सगळीकडे पाहिलं. मग पिशवी धुतली, घडी केली आणि कमरेला खोचली.

ते खड्ड्याच्या काठाशी बसले.

"सूत जाईल, महाराज. बाकीचं राहील. म्हणजे या जन्मी मला नाव नाही." त्यांचे डोळे भरून आले. "साठी उलटली माझी. किती थांबू?"

महाराजांनी उपरण्याच्या टोकाची गाठ सोडली. रणदिव्यांच्या तळहातावर चार पांढरी बटणं ठेवली. आत्ताच दुकानातून आणल्यासारखी दिसत होती.

"कुणाची ही?"

"माझ्या सदऱ्याची. कचेरीत कारकून होतो तेव्हाचा. सदरा सुती होता, एका पावसाळ्यात गेला. गुरूंनी नाव दिलं. ही मागाहून सापडली, दुसऱ्या कुणाचा खड्डा खणताना."

"किती वर्षं झाली?"

"चाळीसेक झाली असतील."

रणदिव्यांनी एक बटण नखानं खरवडून पाहिलं. ओरखडासुद्धा उठला नाही.

"मग महाराज... तुमची दीक्षा?"

महाराजांनी बटणं परत घेतली. उपरण्यात ठेवून सावकाश गाठ मारली.

"सदऱ्याची झाली," ते म्हणाले. "बटणांची व्हायचीय."