एकेचाळीस गाठींची थंडी

एकदा एका डोंगराळ गावात अशी थंडी पडली, की भल्याभल्यांचे दात वाजू लागले. पहाटे केळीची पाने काळवंडून लोंबू लागली आणि खुराड्यातल्या कोंबड्या आखडून मेल्या. शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ करत जाते म्हणतात. यंदा शिवरात्र उलटून गेली तरी ती ठाण मांडून बसली होती. गाव शेकोटीभोवती कुडकुडत होते, पण मनातून खूश होते. कारण या गावाचा खरा वैरी उन्हाळा होता.

गावामागच्या डोंगरात चुनखडी होती. चुन्याच्या नऊ भट्ट्या अष्टौप्रहर पेटत आणि डोंगरावरचे रान त्यांच्या पोटात जाई. रान विरळ झाले तसे ऊन कडक झाले, झरा आटू लागला. दोन वर्षांपूर्वी वैशाखात कुंभाराची सून पहिल्याच बाळंतपणात उष्म्याने तडफडून गेली. तिच्यासाठी पाणी आणायला धावलेला दीर झऱ्यावरून कोरडा घडा घेऊन परतला. तेव्हा कुठे गावाचे डोळे उघडले. गावाबाहेर राहणाऱ्या वृद्ध आचार्यांच्या सल्ल्याने नियम झाला: सात भट्ट्या बंद, हिरव्या झाडाला कुऱ्हाड नाही. आणि नियम सैल करायचाच झाला, तर आधी दोरीची साक्ष घ्यायची.

ही दोरी म्हणजे आचार्यांच्या गुरूंपासून चालत आलेला रिवाज. हिवाळाभर रोज रात्री खोबरेल तेलाची वाटी उंबऱ्याबाहेर ठेवायची आणि पहाटे ती उपडी करायची. तेल गोठलेले असून एक थेंबही पडला नाही, तर त्या वर्षीच्या दोरीला गाठ मारायची. थेंब पडला तर गाठ नाही. त्यात दयामाया नाही. दोन गाठींत एका बोटाचे अंतर. हिवाळा सरला की शेवटच्या गाठीपाशी दोरी कापून पेटीत ठेवायची. जितके गारठ्याचे दिवस, तितकी दोरी लांब.

गेली सहा वर्षे या गाठी आचार्यांचा शिष्य मारत होता. त्याच्या हातच्या पाच दोऱ्यांतली एकही तीस बोटांच्या वर गेली नव्हती. गेल्या वर्षीची तर एकोणीसच. यंदा मात्र एकेचाळीस! दर पहाटे गाठ मारताना त्याच्या छातीवरचा धोंडा थोडाथोडा हलका होत होता. त्याची बहीण पहिलटकरीण होती, माहेरी आली होती, आणि तिचे दिवस नेमके वैशाखात भरत होते. कुंभाराच्या सुनेचा तो आक्रोश त्याने स्वतःच्या कानांनी ऐकला होता. आता त्याला वाटू लागले, उन्हाळ्याची भीती गेली. ताई वाचली.

आणि अशातच चावडीवर सभा बोलावली गेली. चुन्याच्या व्यापाऱ्याने मागणी केली होती, की बंद भट्ट्या पुन्हा पेटवाव्यात. आचार्यांना खोकल्याने बेजार केले होते. ते शिष्याला म्हणाले, “साक्ष तू दे.”

“काय सांगू, गुरुजी?”

“दिसेल ते सांग. पण निघण्याआधी एक काम कर. यंदाच्या दोरीला तिची जोडीदारीण शोध.” असे म्हणून त्यांनी पेटीच्या तळातला एक जुनाट जुडगा त्याच्यापुढे टाकला. “या माझ्या गुरूंच्या हातच्या दोऱ्या. हिच्याएवढी एक काढून दे.”

तिकडे सभा खोळंबली होती आणि इकडे आचार्यांना दोऱ्यांची लग्ने लावायची होती! शिष्य मनातून चडफडला. तरी मांडी घालून बसला. पहिली दोरी शेजारी धरली; ती दुपटीहून लांब निघाली. दुसरीही तशीच, तिसरी तर त्याहून मोठी. एकेक करत त्याने सगळा जुडगा उलगडला. शेवटी सर्वांत आखूड दोरी हाती आली. तिच्या टोकाला काळी चिंधी बांधलेली होती. त्याने ती यंदाच्या दोरीला लावली. काळ्या चिंधीची दोरी सतरा बोटे जास्त भरली.

“गुरुजी, ही चिंधी कशाची?”

“त्या वर्षी थंडी पडलीच नाही म्हणून गाव रडलं होतं,” आचार्य म्हणाले. “हरभरा वाळला, गहू पोचट राहिला. बायकांनी ग्रामदेवीला गाऱ्हाणं घातलं, की आई, असा उबारा पुन्हा दाखवू नकोस. मी तेव्हा तुझ्याएवढा होतो. अशुभ वर्ष म्हणून गुरूंनी ती चिंधी बांधली.”

शिष्याने पुन्हा गाठी मोजल्या. अठ्ठावन्न. मग यंदाच्या मोजल्या, जणू मोजून त्या वाढणार होत्या. बाहेर हाडे गोठवणारा वारा होता आणि त्याच्या तळहातांना घाम सुटला.

“म्हणजे आज आपण ज्या थंडीनं कुडकुडतोय...”

“ती तुझ्या पणज्याला उबारा वाटली असती,” आचार्यांनी वाक्य पुरे केले. “थंडी खोटी नाही रे. केळी करपल्या, कोंबड्या मेल्या, सगळं खरं. पण जिना उतरणारा माणूस काही विसरलं म्हणून एखादी पायरी वर चढतो, तेवढ्यानं तो माडीवर पोहोचत नाही. तू यंदाची दोरी गेल्या वर्षीच्या दोरीला लावलीस. त्यामागच्या दोऱ्या याच पेटीत होत्या, त्या तू कधी काढल्या नाहीस. का? तर काढायच्याच नव्हत्या. भ्यालेल्या माणसाला सुटकेची बातमी फार लवकर पटते, बाळ. तो ती तपासत नाही.”

शिष्याने मान खाली घातली. ते त्याच्याविषयी होते आणि ते खरे होते.

तो चावडीवर पोहोचला तेव्हा व्यापारी शाल पांघरून उभा होता. हातात गोठलेल्या तेलाची वाटी. ती उपडी धरून तो म्हणत होता, “कुठं आहे तुमचा उन्हाळा? दाखवा की! आचार्यांना म्हणावं, आणखी एक तरी भट्टी पेटू द्या, म्हाताऱ्यांना शेकायला होईल!” सभा खो खो हसली. भट्टीवरचा एक कामकरी मात्र हसला नाही. तो कळवळून म्हणाला, “हसण्यावारी नेऊ नका. दोन वरसं झाली हाताला काम नाही. आमच्या पोरांनी झाडाचा पाला खायचा का?”

एवढ्यात ऊन चावडीवर चढले. वाटीतले तेल सुटले आणि भळकन व्यापाऱ्याच्या शालीवर सांडले. आता हशा उलटला. कोणीतरी ओरडले, “शेठ, आला बघा उन्हाळा!”

शिष्याने हात वर केला. “हसू नका. एका पहाटेचं गोठलेलं तेल ही साक्ष नव्हे, तसं एका दुपारचं वितळलेलं तेल हीही साक्ष नव्हे.” मग त्याने चावडीच्या खुंटीला दोन दोऱ्या शेजारी शेजारी टांगल्या. “ही यंदाची. आणि ही काळ्या चिंधीची, आपल्या पणज्यांनी थंडी नाही म्हणून गाऱ्हाणं घातलं त्या वर्षाची.”

लोक एकेक करून पुढे आले. कोणी बोटांनी गाठी चाचपल्या, कोणी नुसतेच पाहिले. शेकोटी पेटलेली होती, तरी तिच्याजवळ कोणी परतेना. व्यापारी पुटपुटला, “दोरीवर गाव चालवणार का?” मग म्हातारा कुंभार उठला. त्याच्या घरातले माणूस गेले होते. त्याने नियमाच्या बाजूने नुसता हात वर केला. त्याच्यामागे हळूहळू हात वर होत गेले. भट्टीच्या कामकऱ्यांना डोंगरावर खड्डे खणून रोपे लावण्याचे काम द्यावे आणि त्यांना धान्य गावाने पुरवावे, असेही ठरले. कामकऱ्याने शेवटी हात वर केला, पण त्याचा चेहरा उजळला नाही.

संध्याकाळी बहिणीने विचारले, “काय रे, एवढी थंडी पडली, म्हणजे यंदा वैशाख सोसवेल ना मला?”

सकाळपर्यंत त्याने हसत ‘हो’ म्हटले असते. आपल्यालाही असे ‘हो’ ऐकायला फार आवडते. थंडीची एक लाट येते आणि आपण जगाचा ताप उतरला म्हणून मोकळे होतो.

“ठाऊक नाही, ताई,” तो म्हणाला. मग त्याने कुदळ आणि रिकामा घडा उचलला, आणि झऱ्यातला गाळ काढायला निघाला.