आजोबांच्या हातोड्याचा दांडा

शके १८९६, इसवी सन १९७४. आश्विन शुद्ध नवमी, म्हणजे खंडेनवमी. पाऊस उघडून आठ दिवस झाले होते.

त्या दिवशी तांबटांच्या एका कारखान्यात एका वृद्ध वस्तादाने पूजेला मांडलेला हातोडा पाटावरून उचलला, त्याचा दांडा ठोकून काढला आणि चहाच्या शेगडीत घातला. का घातला, ते सांगतो.

कारखाना जुना. हंडे, घंगाळी, बंब तिथे घडत. मालकाच्या आजोबांनी तो उभा केला. त्यांचा हातोडा मानाचा. सर्वांत चांगल्या कारागिराच्या हाती तो जाई. दांडा बाभळीचा, काळा, घासून गुळगुळीत झालेला. तो कधी बदलायचा नाही, अशी रीत होती. वस्तादांनी हा हातोडा तीस वर्षे चालवला. मग एक दिवस सर्वांसमक्ष तो आपल्या शिष्याला दिला. शिष्याचे नाव भिकाजी. वय तिशीचे. घरी बायको आणि दोन मुली. नजर तीक्ष्ण, पंजा मात्र लहान.

वर्षभरात भिकाजीचे मनगट सुजले. कोणाला नवल वाटले नाही. मनगट सुजणे म्हणजे हातोड्याची हाताशी ओळख होणे, असे तिथे समजत. शेजारी बसणारा म्हादू रोज विचारी, "काय भिकाजी, झाली का ओळख?"

"होतेय."

"मग पाहुणा मुक्कामालाच आलाय म्हणायचा!"

सगळे हसत. भिकाजीही हसे. घरी जाऊन मनगटाला हळदीचा लेप लावी, वर फडके बांधी. बोटे बधिर होत, हे त्याने बायकोलाही सांगितले नाही. हा हातोडा ज्याला पेलत नाही तो कारागीर नव्हे, एवढे त्याला पाठ होते.

नवमीच्या आदल्या दिवशी हातोडा त्याच्या हातून सुटला. घडत आलेल्या बंबाला खड्डा पडला. आठवड्यातली ही तिसरी वेळ.

मालक शेठ म्हणाले, "तुळशीच्या लग्नापर्यंत चाळीस बंब द्यायचेत. दसरा होऊ दे. मग तुझ्या जागी दुसरा माणूस बसवतो."

वस्तादांनी ते ऐकले. भिकाजीने पाणी दिले. वस्ताद ते नेहमीप्रमाणे पेला दोन्ही तळव्यांत धरून, मान लववून प्यायले. त्यांची ही पद्धत सर्वांच्या ओळखीची. म्हातारा पाण्यालाही नमस्कार करतो, असे लोक कौतुकाने म्हणत.

दुसऱ्या दिवशी हत्यारे धुतली गेली. पाटावर मांडली गेली. हळदकुंकू झाले, झेंडूची फुले वाहिली. शेठ नारळ घेऊन आले आणि त्याच वेळी वस्तादांनी ते कृत्य केले.

"वस्ताद!" शेठ ओरडले. "आजोबांचा हातोडा आहे तो!"

"हातोडा इथे आहे," वस्तादांनी लोखंडी डोके पाटावर परत ठेवले. "फूल वाहा. मी दांडा जाळला."

"आजच्या दिवशी कोणी हत्यार मोडतं का?"

"आजच मोडायचं. एरवी त्याला सवड कुठे असते?"

"म्हातारा चळला," म्हादू पुटपुटला.

वस्तादांनी ऐकले. "चळलो असेन. भिकाजी, पुढे ये. ते फडकं सोड."

भिकाजी जागचा हलला नाही. त्याची मान खाली गेली. वस्तादांनी स्वतःच त्याचा हात धरला आणि फडके उलगडले. मनगट कणकेच्या गोळ्यासारखे फुगले होते.

"मूठ वळ."

बोटे अर्ध्यावर थांबली. म्हादूचे हसू विरले.

"आता माझी बघा." वस्तादांनी आपला पंजा पुढे केला. मोठा, सुपासारखा पंजा. तीही बोटे अर्ध्यावरच थांबली. "मी पाण्याला नमस्कार करतो म्हणता ना? कसला नमस्कार! एका हातानं पेला उचलत नाही मला. तीन वर्षं झाली."

शेगडीत बाभळ तडतडली.

वस्ताद म्हणाले, "तो दांडा माझ्या हाताला बारीक होता. सुटू नये म्हणून मी आवळून धरायचो. ह्याच्या हाताला तो जाड. ह्याची बोटं पुरत नाहीत, म्हणून हाही आवळून धरतो. एक घाव तांब्यावर बसतो, एक आपल्या मनगटात. दिवसाला पाच हजार घाव मोजा. शेठ, तो दांडा फक्त तुमच्या आजोबांच्या हाताचा होता. तो हात चितेवर जळून पन्नास वर्षं झाली. दांडा त्याच्याबरोबरच जायचा, मागे राहिला. आज गेला."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"लाज वाटली. ज्याचा हात दुखतो तो कारागीर नाही, हे ह्या पोरांना मीच शिकवत होतो. ह्याच्या हातात तो हातोडा मीच दिला. मानानं दिला. दोष माझाही आहे. म्हणून माझ्याच हातानं जाळला."

शेठ सावरले. "म्हणजे उद्यापासून ज्याला त्याला आपापला दांडा? कारखाना आहे की सुताराचं दुकान?"

"ज्याला त्याला आपापला. वजनही ज्याच्या त्याच्या कामाजोगतं. मठारायला, बारीक ठोके मारून चकाकवायला, हंडा घडवायचा हातोडा नको. आणि ह्याचा हात बरा होईपर्यंत ह्याची जागा कोणाला द्यायची नाही."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मी बाहेर पायरीवर जाऊन बसतो. कामाला येणाऱ्या प्रत्येक माणसाला हा पंजा दाखवतो. मग आत कोण येतं ते तुम्ही बघा."

शेठनी नारळ खाली ठेवला. फोडला नाही. त्या पंजाकडे पाहिले. शेवटी म्हणाले, "बंबांचं काय?"

"तीस होतील. दहा उशिरा जातील."

दहा बंब उशिराच गेले. गिऱ्हाईक बोलायचे ते बोलले. शेठनी ऐकून घेतले.

वस्तादांनी प्रत्येकाच्या हाती ओल्या मातीचा लांबट गोळा दिला. म्हणाले, "जोर लावू नका. मैत्रीनं धरल्यासारखा धरा." मुठींचे ठसे उमटले. ते ठसे सुताराकडे गेले आणि त्यांवरून दांडे आले. कोणतेही दोन सारखे नव्हते. भिकाजीचा सर्वांत बारीक, म्हादूचा सर्वांत लांब. भिकाजी दीड महिना घरी बसला. मग निम्म्या वजनाचा हातोडा हाती घेतला. माघात त्याची मूठ पुरी वळली. करंगळीचा बधिरपणा राहिला तो राहिलाच.

पुढच्या वर्षी शेठनी भांड्यांना चकाकी द्यायचे, हातात धरायचे विजेचे मशीन आणले. दुकानदार म्हणाला होता, यापेक्षा मजबूत मिळणार नाही. वस्तादांनी भिकाजीला ते एक बिडी ओढून संपेपर्यंत चालवायला लावले. मग त्याच्या हातात काठोकाठ भरलेला पेला दिला. हात थरथरला, निम्मे पाणी सांडले.

"परत न्या," वस्ताद म्हणाले.

मशीन परत आलेले पाहून दुकानदार चिडला. "हात थरथरतो म्हणून मशीन परत आणणारे तुम्हीच पहिले!"

"पहिला कोणीतरी लागतोच. ते हलकं दाखव, बाजूला मूठ असलेलं. आणि मला दाखवू नको. जो चालवणार त्याच्या हातात दे."

भिकाजीने चार मशीने धरून पाहिली. जे चालवल्यावर पाणी सांडले नाही, ते घेतले.

एक दिवस कामाची वेळ संपल्यावर भिकाजी मागे राहिला. त्याने वस्तादांपुढे मातीचा गोळा ठेवला.

"धरा."

"मला कशाला? मी आता हातोडा धरत नाही."

"धरा तर."

वस्तादांनी धरला. वाकड्या, पुऱ्या न मिटणाऱ्या बोटांचा ठसा उमटला. भिकाजी तो घेऊन गेला.

आठ दिवसांनी त्याने तांब्याचा एक पेला आणला. त्याला एका बाजूला रुंद, पोकळ मूठ होती. असा पेला त्या बाजारात कोणी पाहिला नव्हता. म्हादू म्हणालाच, "हे भांडं आहे की हत्यार?"

भिकाजीने पेला भरून वस्तादांपुढे ठेवला.

वस्तादांनी मुठीत बोटे अडकवली. पेला उचलला. मान न लववता, एका हाताने पाणी प्यायले आणि पेला खाली ठेवला.

वस्तादांचे ऋण भिकाजीने फेडले.