विमानाच्या पोटातली टकटक

"चालेल ना, सर?"

विमानाच्या धडात कंबरेपर्यंत वाकून, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा धरून बेहेरे सर शेपटीकडच्या डाव्या बाजूची रिव्हेटची, म्हणजे पत्रा जखडणाऱ्या खिळ्यांची, एक ओळ बघत होते. बघून झाली तरी बघतच होते.

"सर... चालेल ना?"

विश्वंभर खैरनार म्हणजे एकच गोष्ट दोनदा विचारणारा माणूस नव्हे. धुळ्याच्या आसपासची निम्मी गोदामं त्याने बांधली, आणि बांधताना कुणाचं ऐकून घेतलं असेल तर शपथ. नाकावर माशी बसू द्यायचा नाही. असा माणूस आज हातात फडकं घेऊन शाळेतल्या पोरासारखा उभा होता. ते फडकं उगीचच पिळत होता.

पन्नाशी उलटल्यावर त्याच्या डोक्यात विमान शिरलं. विकत घ्यायचं नाही, बांधायचं. परदेशातून सुटे पत्रे आणि फ्रेमा खोक्यांतून आल्या आणि माळावरच्या एका रिकाम्या गोदामात त्याने ठाण मांडलं. गाव म्हणालं, याला वेड लागलं. गावाचं काय हो, गाव बोलतच असतं.

बेहेरे सरांची उभी हयात विमानांची धडं तपासण्यात गेली आणि त्यानंतरची वर्षं तेच शिकवण्यात. म्हातारपणी ते धुळ्याला मुलीकडे राहायला आले, आणि विश्वंभर हात धुवून त्यांच्या मागे लागला. सरांनी आधी टाळलं. मग म्हणाले, शिकवतो, पण एकट्याने करणार असशील तर माझा वेळ घालवू नकोस.

त्याला कारण होतं. रिव्हेट एकट्याच्या हाताने बसत नाही. एक जण बाहेरून हवेच्या दाबाने ठोकणारी गन चालवतो. दुसरा धडाच्या आत आडवा होऊन, रिव्हेटच्या मागच्या टोकाला लोखंडी ठोकळा दाबून धरतो. बाहेरून दणका बसला की ते टोक ठोकळ्यावर चेपतं आणि पत्रा फ्रेमला कायमचा जखडतो. टोक सरळ चेपलं की वाकडं, हे फक्त आतल्याला दिसतं. कानात बोळे असतात, गनचा आवाज कवटी फोडतो, तेव्हा बोलणं शक्य नसतं. म्हणून आतल्याने पत्र्यावर बोटाने वाजवायचं. एकदा वाजलं तर अजून मार. दोनदा वाजलं तर चांगला बसला, पुढे चल. तीनदा वाजलं तर बिघडला, काढून टाक.

आतल्याचा शब्द शेवटचा, असं सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

आत जायची हेमलता, विश्वंभरची बायको. अंगाने बारीक, शेपटीच्या निमुळत्या भागात तीच मावायची. आणि नवऱ्याने हाक मारली की दुसरं कोण जाणार?

हेमलता आषाढात गेली. पोटात काहीतरी वाढत होतं आणि ते फार पुढे गेल्यावर कळलं. डॉक्टर विश्वंभरला म्हणाले, इतके दिवस करत काय होता तुम्ही? तो विचारायचा तेव्हा ती म्हणायची, बरं आहे मला. मग तोही कामाला लागायचा.

त्यानंतर गोदामाला कुलूप लागलं. दिवाळी झाली, थंडी पडली, आणि विश्वंभर पुन्हा येऊ लागला. आता त्याच्या मनाने एकच घेतलं होतं. वर्षश्राद्धाच्या आत हे विमान उडवायचं. सरांनी धड बघून हो म्हटल्याशिवाय पुढचं काम होणार नव्हतं. आणि सर हो म्हणत नव्हते.

सर धडातून बाहेर आले. कंबर धरून सरळ झाले.

"ही ओळ काढावी लागेल."

"सगळी?"

"सगळी. टोकं एका अंगाला कललीत. दोन-चार बरी आहेत. पण दोन-चारांवर शेपूट राहत नाही."

विश्वंभरने पत्र्यावर तळवा ठेवला.

"ही ओळ तिची आहे, सर."

सरांनी बॅटरी विझवली.

"शेवटची. ही झाली आणि त्यानंतर ती आत शिरलीच नाही. पुढच्या आठवड्यात दवाखान्यात नेलं. तिच्या साड्या बहिणींनी वाटून घेतल्या, दागिने सुनेकडे गेले. तिच्या हाताचं माझ्याकडे एवढंच आहे. ते ड्रिलने उकरून कचऱ्यात टाकू?"

सरांनी आरसा पुसून खिशात ठेवला.

विश्वंभर मग बोलतच सुटला. मी कुणाला बसवणार नाही म्हणाला. एकटाच उडेन. पडलो तर मी पडेन, त्यात कुणाचं काय जातं? सर म्हणाले, खाली माणसं राहतात. तो म्हणाला, माळावरच उडवेन. सर म्हणाले, विमानाला माळ कळत नाही. बराच वेळ असं चाललं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसली गत. शेवटी त्याने ठेवणीतलं काढलं.

"तिने प्रत्येक रिव्हेटला दोनदा वाजवलंय, सर. मी माझ्या कानांनी ऐकलंय. आतल्याचा शब्द शेवटचा, हे तुमचंच ना? मग आज तिचा शब्द खोटा ठरवता?"

हे त्याने जरा चढ्या आवाजात म्हटलं. सरांना राग आला नाही. ते स्टुलावर बसले आणि चष्मा काढून त्याच्याकडे बघू लागले.

"तीनदा वाजलेलं शेवटचं कधी ऐकलंस?"

"म्हणजे?"

"तीनदा. काढून टाक."

विश्वंभर आठवू लागला. सुरुवातीला फार वाजायचं. दर चार-पाच रिव्हेटमागे आतून तीनदा आवाज यायचा. मग त्याला गन ठेवावी लागायची, ड्रिल घ्यावं लागायचं, बिघडलेला रिव्हेट उकरून काढावा लागायचा. चिडचिड व्हायची, साहजिक आहे. पुढे पुढे ते कमी झालं. उन्हाळा लागला तेव्हापासून तर एकदाही नाही. माझा हात बसला, असं त्याने तेव्हा सरांना छाती फुगवून सांगितलंही होतं.

"उन्हाळ्यापासून नाही," तो म्हणाला. "सगळे दोनच."

"हं..."

सर उठले. कोपऱ्यातली गन उचलली, हवेची नळी जोडली.

"आत जा."

"मी?"

"पुढच्या फ्रेमची भोकं अजून रिकामी आहेत. तू ठोकळा धर. मी मारतो."

"सर, तुमचं वय..."

"याआधी कधी गेलायस आत?"

नव्हता गेला. धड उभं करायला घेतल्यापासून एकदाही नाही. जायची वेळच आली नव्हती, हेमलता होती ना.

तो पोट आवळून शिरला. खांदे अडकले, सदरा फाटला. एका कुशीवर वळायला जागा होती, तेवढीच. फ्रेमची धार खांद्यात रुतत होती. पत्र्याच्या भुग्याचा वास नाकात बसला. थंडीचे दिवस असूनही आत अंगाला घाम सुटला. जिथे बरगडी टेकते नेमकं तिथे एका जुन्या लुगड्याची घडी चिकटपट्टीने लावलेली होती. ती कधी लावली, त्याला माहीत नव्हतं.

बाहेरून सरांनी पहिला रिव्हेट घातला. विश्वंभरने ठोकळा दाबला. गन कडाडली आणि त्याच्या दातांपर्यंत हादरा गेला. बॅटरीच्या उजेडात बघितलं, बरा बसला होता. त्याने बोटाने दोनदा वाजवलं.

दुसऱ्याला ठोकळा निसटला. टोक आडवं पडलं. त्याने इमानाने तीनदा वाजवलं.

गन थांबली. पावलं वाजली आणि सरांचं तोंड धडाच्या उघड्या बाजूला दिसलं. एवढ्या वर्षांत बेहेरे सरांनी एकाही विद्यार्थ्यावर आवाज चढवला नव्हता, हे विश्वंभरला ठाऊक होतं. ते सर ओरडले.

"साधा ठोकळा धरता येत नाही? आता मी दिवसभर हेच उकरत बसू? लक्ष कुठे असतं तुझं?"

विश्वंभर चाटच पडला. कानशिलं तापली. पण उलटून बोलायचं कसं, गुरू ना? शिवाय म्हाताऱ्या माणसाला आपण कामाला लावलंय. त्याने ठोकळा चाचपून पुन्हा हातात घेतला.

सरांनी तो रिव्हेट उकरून काढला. काढताना सुस्कारे टाकले, ड्रिल फरशीवर आदळलं, काहीतरी पुटपुटले. एवढंसं काम, पण विश्वंभरला आतमध्ये ते संपता संपेना. कुशीवर पडून हाताला मुंग्या आल्या होत्या. मान वळवायलाही जागा नव्हती, आणि बाहेर कुणीतरी आपल्यामुळे वैतागलंय, हे पत्र्यातून नुसतं ऐकत पडायचं होतं.

"घे. या वेळी नीट."

पुन्हा गन कडाडली. मुंग्या आलेल्या हातातून ठोकळा पुन्हा सरकला. विश्वंभरने बॅटरी जवळ नेली. टोक एका अंगाला कललेलं होतं. मागच्या डाव्या ओळीतल्यासारखंच, हुबेहूब.

बाहेर गन थांबली.

"झालं?"

तो टोकाकडे बघत राहिला.

"किती वेळ?"

त्याचं बोट आपसूक उठलं आणि पत्र्यावर वाजलं.

टक... टक.

वाजवून झाल्यावर त्याला कळलं की आपण दोनदा वाजवलंय.

सरांनी पुढचा रिव्हेट घातला नाही, गन ठेवल्याचाही आवाज आला नाही. विश्वंभर तसाच पडून राहिला. आणि मग, एवढ्या वेळाने, सर मघाशी जे ओरडले ते शब्द कुणाचे होते ते त्याच्या ध्यानात आलं. साधा ठोकळा धरता येत नाही? लक्ष कुठे असतं तुझं? अक्षर न् अक्षर त्याचं स्वतःचं होतं. याच गोदामात, सर एकदा येऊन चहा घेत बसलेले असताना, तो याच उघड्या बाजूला तोंड घालून ओरडला होता. सरांसमोर ओरडलो, याचंही तेव्हा त्याला काही वाटलं नव्हतं. आत ती होती. पोटात ते दुखणं घेऊन, इथेच, या लुगड्याच्या घडीवर.

त्याने डोळे मिटले. पण अंधारात तर आणखीच स्पष्ट दिसत होतं. उन्हाळाभर ती दोनदा वाजवत राहिली आणि तो खुशीत पुढे सरकत राहिला. माझा हात बसला म्हणे. त्याला स्वतःची शिसारी आली. मग रडू फुटलं, आणि त्या पत्र्याच्या पोटात ते त्यालाच मोठ्याने ऐकू येऊ लागलं.

सर बाहेर उभे राहिले. माळावरचा वारा गोदामाच्या दाराशी धूळ आणून टाकत होता.

बऱ्याच वेळाने विश्वंभरचा हात बाहेर आला.

"ड्रिल द्या, सर."

सरांनी फरशीवरचं ड्रिल उचललं आणि त्या हातात ठेवलं. हात आत गेला. डाव्या ओळीच्या पहिल्या रिव्हेटवर ड्रिलचं टोक टेकल्याचा बारीक आवाज आला. पण ड्रिल फिरलं नाही.

"सर..."

"हं."

"एवढं दुखत होतं तिला. रोज दुखत असणार. मी काय परका होतो? एकदा तरी सांगायचं ना मला. खाल्लं असतं का मी तिला?"

सर गुडघ्यांवर हात ठेवून हळूहळू वाकले. उघड्या बाजूपाशी तोंड नेलं. आता त्यांचा आवाज नेहमीचा होता, मऊ.

"मघाशी रिव्हेट बिघडला, तेव्हा तू तरी मला कुठे सांगितलंस?"