घरटी एक पाटी

खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हा नद्यांना माणसांची भीती वाटत नसे. अशाच एका नदीच्या वळणावर एक गाव होतं आणि गावाच्या पायथ्याशी गोट्यांचा लांबच लांब पट्टा होता. करडे, तांबूस, ठिपक्यांचे, लिंबाएवढे, सुपारीएवढे गोटे. नदीने ते डोंगरातून घरंगळत आणलेले, वाटेत घासून गोल केलेले आणि वळणावर दमून खाली ठेवलेले.

उन्हाळ्यात नदीची धार बारीक होई. मग गावातल्या बाया गोटे बाजूला सारून हातभर खळगा करीत. त्यात तळातून गार, नितळ पाणी झिरपे. त्याला झिरा म्हणत. गोट्यांच्या पोटात पाणी राहतं, हे त्या गावात कोणाला शिकवावं लागत नसे.

पण गोटे माणसांनाही लागत. अंगणाला लागत, गोठ्याला लागत, घराच्या जोत्याला लागत. म्हणून फार पूर्वीच्या पंचांनी एक नियम केला आणि चावडीपुढच्या शिळेवर कोरून ठेवला. नियम एवढाच होता: ‘वर्षाला घरटी एक पाटी.’ म्हणजे दर घराने वर्षातून एकदा बांबूची पाटी भरून गोटे न्यावेत, जास्त नाही.

नियमासोबत एक रीत होती. पाटीतली पहिली ओंजळ घरच्या कर्त्याने स्वतः वाकून भरायची. का, ते शिळेवर लिहिलेलं नव्हतं. जुनी माणसं काही शहाण्या गोष्टी लिहून ठेवायला विसरतात.

गावच्या मुख्य पंचांना सगळे आबा म्हणत. आबा सरळ माणूस. कोणाच्या झाडाचा आंबा फुकट खाणार नाहीत. नियम म्हणजे नियम आणि शब्द म्हणजे शब्द. त्यांच्यात उणं एकच होतं. पंच झाल्यापासून ते नदीवर गेले नव्हते. पाणी त्यांची बायको आणी, जिला सगळा गाव काकी म्हणे. आणि न्याय चावडीत बसल्या जागी होई.

एके वर्षी राजाला वाटलं, राजवाड्यापर्यंत गोट्यांचा रस्ता हवा. रस्त्याचं काम घेतलेला एक मक्तेदार गावात आला. त्याने वेशीजवळ एक झोपडी घेतली, तिच्यात एकदा जेवला आणि चावडीवर येऊन म्हणाला, “मीही आता तुमच्यातलाच. माझ्या घरची एक पाटी मला मिळावी.”

“मिळेल की,” आबा म्हणाले. “नियमच आहे.”

थोड्या दिवसांनी मक्तेदाराची पाटी चावडीपुढे आली. ती गाड्यावर बसवलेली होती आणि गाड्याला बैलांच्या जोड्यांपुढे जोड्या जुंपलेल्या होत्या. तिचा काठ झाडाच्या फांद्यांना घासत होता.

“ही पाटी?” आबांनी विचारलं.

“पाटीच,” मक्तेदार म्हणाला. “बांबूची आहे. काठ आहे, तळ आहे. मापाबद्दल शिळेवर एक अक्षर असेल तर दाखवा.”

“अहो, हिच्यात माझा गोठा मावेल, बैलांसकट!” एक पंच म्हणाला.

“मावू दे. म्हणून पाटीचा काही गोठा होत नाही.”

“आमच्याकडे याला कणगी म्हणतात,” दुसरा पंच म्हणाला.

“कणगीत धान्य असतं. आहे का यात दाणा?”

मग पाटी विणणाऱ्या बुरडिणीला बोलावलं. “काय गं, काय विणलंस तू हे?”

“बांबू विणला, आबा,” ती म्हणाली. “विणायचं काम माझं, नाव ठेवायचं काम पंचांचं. वीण मात्र बघा हं. बारका खडासुद्धा गळायचा नाही.”

पंच दिवस मावळेपर्यंत बोलत राहिले. पाटी कशाला म्हणावं यावर बोलले, काठावर बोलले, बुडावर बोलले. नदीवर कोणी बोललं नाही. शेवटी आबांनी निकाल दिला. “शब्द पाटी आहे, आणि ही पाटी आहे. नेऊ दे.”

“आणि पहिली ओंजळ?” कोणीतरी विचारलं.

“माझी कंबर धरली आहे,” मक्तेदार म्हणाला. “माझी माणसं फावड्याने भरतील.”

“असू दे. ती नुसती रीत आहे, नियम नाही,” पंच म्हणाले.

मुलांनो, तुम्ही हसा. मोठ्यांनो, तुम्ही हसू नका. अशा बैठकीत तुम्ही कधी ना कधी बसलेले आहात, आणि चहा घेऊन घरी आलेले आहात.

दुसऱ्याच दिवशी गावात कुजबुज सुरू झाली. “त्याची पाटी एवढी, मग आमचीच का लहान?” मक्तेदार हेच ऐकायला बसला होता. तो दारोदार गेला. कोणाला पितळी हंडा दिला, कोणाला लुगडं, कोणाच्या छपराला कौलं, आणि त्या घरची पाटी आपल्या नावे करून घेतली. बुरडिणीच्या अंगणात तसल्याच पाट्या उभ्या राहिल्या. रोज एक गाडा भरून निघे. कोणी विचारलंच, तर गाडेवाले शिळेकडे बोट दाखवत. घरटी एकच तर पाटी!

झिरे खोल जाऊ लागले. आधी हातभर खणलं की पाणी लागे, मग कमरेइतकं खणावं लागू लागलं. काकी उन्हं चढल्यावर घरी येऊ लागली.

“उशीर का होतो गं?” आबा विचारत.

“काय करू?” काकी घागर टेकवत म्हणे. “पाट्या तुम्ही मोठ्या केल्यात. घागर आहे तेवढीच आहे हो.”

आबांना वाटे, हिला थट्टाच सुचते.

त्याच दिवसांत पट्ट्यावर टिटवीने अंडी घातली. टिटवी काही झाडावर राहत नाही. गोट्यांमध्येच एक उथळ खळगा करते, चार खडे सारखे करते आणि त्यात अंडी ठेवते. ती अंडी करडी, ठिपक्यांची, अगदी गोट्यांसारखी दिसतात. कोल्ह्याला दिसू नयेत, घारीला दिसू नयेत, म्हणून तिने पिढ्यान्‌पिढ्या ही युक्ती केलेली. फावड्यापुढे मात्र तीच युक्ती तिच्या जिवावर आली होती.

गाडे रोज जवळ सरकत होते. शेवटी टिटवी चावडीवर आली आणि शिळेवर उभी राहिली.

“आबा,” ती म्हणाली, “माझी अंडी पट्ट्यावर आहेत. पिल्लं बाहेर पडून चालती होईपर्यंत तेवढी जागा सोडा.”

“अपशकुनी मेली! हाकला तिला,” एक पंच ओरडला.

“थांबा. तक्रार ऐकून घ्यायची असते,” आबा म्हणाले. सरळ माणूस! “तुझं गावात घर आहे का?”

“नाही. नदीवर आहे.”

“मग तुला हरकत घेता येणार नाही, बाई. नियम घरटी आहे.”

टिटवीने मान वाकडी करून शिळेकडे पाहिलं. “तेच म्हणते मी. इथे घरटीच तर लिहिलंय.”

सगळी चावडी खो खो हसली. “अगं वेडे, घरटी म्हणजे दर घराला! पाखरांची घरटी नव्हेत ती!”

“आणि घरटं तरी कुठाय हिचं?” दुसरा पंच डोळे पुसत म्हणाला. “ना काडी, ना कापूस. जमिनीवरचा खळगा नुसता!”

“खळगाच आहे,” टिटवी म्हणाली. “पण त्यात ऊब आहे. आबा, एकदा नदीवर या. हात लावून बघा. मग काय तो निकाल द्या.”

“बघायचं काय त्यात?” आबा म्हणाले. “सगळं शिळेवर लिहिलेलं आहे.”

टिटवी उडून गेली. एरवी ती आकाश डोक्यावर घेते. त्या दिवशी ती ओरडली नाही.

होता होता सगळा पट्टा उघडा पडला. खालची काळी माती दिसू लागली. वळणाच्या टोकाशी गोट्यांचा एक तुकडा तेवढा उरला. गावातला शेवटचा झिरा तिथेच होता, आणि टिटवीची अंडीही तिथेच. पाटी न घेतलेलं घरही एकच उरलं होतं. ते आबांचं.

एका पहाटे मक्तेदार रिकामा गाडा घेऊन आबांच्या दारात आला. “आबा, तुमच्या घरची राहिली. हुकूम करा, माणसं भरतील.”

आबा पागोटं बांधत म्हणाले, “लोकांचं लोक जाणोत. माझ्या घरची पाटी मी रीतीने भरीन. पहिली ओंजळ माझी.”

ते नदीवर उतरले आणि जागच्या जागी थबकले.

त्यांच्या आठवणीतली नदी निराळी होती. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ते आणि काकी इथे पाण्याला आले होते. आबांनी ऐटीत झिरा खणला होता आणि काकीने त्यातली पहिली ओंजळ त्यांच्याच तोंडावर उडवली होती. ती जागा आबा शोधू लागले. ती आता राजाच्या रस्त्यात गेली होती.

“आबा, उन्हं वर येताहेत,” मक्तेदार म्हणाला. “भरा.”

आबा वाकले. इतक्या वर्षांत वाकले नव्हते, गुडघे कुरकुरले. दोन्ही हात गोट्यांत घालून त्यांनी ओंजळ उचलली. पहाटेचे गोटे, थंडगार. पण ओंजळीतला एक गोटा कोमट होता.

आबांनी बाकीचे गोटे बोटांतून सांडू दिले. तो एक हातात राहिला. त्यांनी तो कानाशी नेला. आतून कोणीतरी हलकेच टकटक केलं.

समोर, हाताच्या अंतरावर, टिटवी उभी होती.

“तू ओरडली का नाहीस?” आबांनी हळूच विचारलं.

“ओरडले असते तर तुम्ही दचकून मूठ आवळली असती.”

आबांनी दुसरा हातही अलगद अंड्याखाली धरला. “मला वाटलं, गोटा आहे.”

“तसं वाटावं म्हणूनच ती तशी असतात.”

“मग माणसाने ओळखायचं कसं?”

“वाकून,” टिटवी म्हणाली.

आबांनी अंडं खळग्यात होतं तसं ठेवलं. मग त्यांनी विचारलं, “आधीच्या पाट्यांमधून… अशी किती गेली असतील गं?”

टिटवीने नुसतं त्या उघड्या, काळ्या काठाकडे पाहिलं. तिथे तिच्या बहिणी असत.

“आबा,” मक्तेदार वैतागून म्हणाला, “पाखराशी काय बोलत बसलात?”

आबा उठले नाहीत. “मला एक सांग. माझ्या घरची पाटी कोणाला द्यायची, ते मीच ठरवणार ना?”

“अर्थात. तुमचा हक्क आहे.”

“मग ती मी हिला दिली.”

“टिटवीला?” मक्तेदार हसला. “तिला कशी मिळेल? तिचं घर कुठाय?”

“नियम काय आहे? घरटी एक पाटी.”

“अहो, पण घरटी म्हणजे…”

“मापाबद्दल शिळेवर अक्षर नव्हतं,” आबा म्हणाले. “अर्थाबद्दल असेल तर दाखव.”

आपलंच हत्यार आपल्यावर उगारलेलं मक्तेदाराने पहिल्यांदाच पाहिलं होतं. गाडा रिकामा परत गेला.

आबा तिथेच बसून राहिले. काही वेळाने काकी घागर घेऊन आली. नदीवर नवऱ्याला पाहून ती आधी घाबरली, मग त्याच्या नजरेच्या रोखाने तिने पाहिलं आणि घागर ठेवून शेजारी बसली. दुपार कलताना एक अंडं तडकलं, मग बाकीची. ओली, ठिपक्यांची पिल्लं गोट्यांतून तुरुतुरु चालू लागली, जणू गोट्यांनाच पाय फुटले होते. आबांनी आपलं पागोटं सोडलं, त्याची सावली धरली, आणि दिवस मावळेपर्यंत हात खाली घेतला नाही.

तो उन्हाळा गावाने त्या एका झिऱ्यावर काढला. बाया पळीपळीने पाणी भरत.

पण शहाणपण उशिरा आलं की थोडंच वाचवतं. पावसाळ्यात नदीला पूर आला. वळणावर तिला अडवणारे गोटे नव्हते. ती सरळ गावात शिरली. माणसं टेकडीवर पळाली म्हणून वाचली. पितळी हंडे तरंगत गेले, नवी कौलं गेली, मक्तेदाराची झोपडी गेली. आबांचं घरही गेलं. टोकाच्या त्या तुकड्याने जेवढी धार वळवली, तेवढीच एक आळी उभी राहिली.

पूर ओसरल्यावर आबा चावडीवर उभे राहिले. “निकाल माझा होता,” ते म्हणाले. “तुमच्याबरोबर माझंही घर गेलं, हे बरंच झालं.” मग त्यांनी शिळेवर नियमाखाली आणखी एक ओळ कोरवली: ‘पहिली ओंजळ पंचांनी भरावी.’

बुरडीण दूर उभी राहून ऐकत होती. ती घरी गेली आणि बाईमाणसाला डोक्यावरून नेता येईल एवढी एक पाटी विणून घेऊन आली. कोणाला काही न विचारता तिने ती शिळेवर झुकलेल्या फांदीला टांगली. “नाव मीच ठेवते,” ती म्हणाली. “ही पाटी.”

नंतर वर्षानुवर्षं कोणी एक गोटा उचलला नाही. गाड्यांनी नेलेलं नदीने ओंजळीओंजळीने परत आणलं. आबा आणि काकी त्या काठी रोज जात. आबांना पुढे दिसेनासं झालं, तरी ते वाकून गोट्यांवरून हात फिरवत, आणि एखादा कोमट लागला की हसून काकीला म्हणत, “अगं, जपून पाय टाक. इथे कोणीतरी राहतं.”

बोध: जे उचलायची परवानगी द्यायची, ते आधी स्वतः वाकून हातात घेऊन पाहावं.