विहीर आणि तोफ

भर समुद्रातल्या किल्ल्यात एक गोड्या पाण्याची विहीर होती, तेव्हाची ही गोष्ट. होड्या भरभरून माणसं यायची. "चहूकडे खारं आणि हिचं गोड, काय नवल," म्हणायची आणि हातातली रिकामी बाटली आत टाकायची.

विहिरीने शेजारच्या तोफेला विचारलं, "एवढं कौतुक करतात, मग पीत का नाहीत गं?"

तोफ म्हणाली, "बाई, माझं कौतुकही तोंड बुजल्यावरच सुरू झालं."

"पण चांगुणा कोळीण आहे ना माझी. ती रोज पिते," विहीर म्हणाली.

त्या दिवशी चांगुणाने घागर ओढली. पाण्याला कुजका वास येत होता. "मेल्यांनी हीसुद्धा नासवली," म्हणत तिने ते दगडावर ओतलं. पुन्हा ती आली नाही.

आठवड्याने विहिरीवर पाटी लागली : 'गोड्या पाण्याची विहीर. अवश्य पाहा.'