मुठीतलं बटण

एकदा मिरजेत एक वृद्ध शिक्षक राहत होते. नाव नेमिनाथ उपाध्ये. तंत्रनिकेतनात चौतीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवून ते निवृत्त झाले होते. पण शिकवणं काही निवृत्त होत नाही. घरामागच्या खोलीत एक टेबल, तारा डाखायची एक सोल्डरिंगची कांडी, करंट मोजायचा एक जुना मीटर आणि दोन खुर्च्या होत्या. अडलेला विद्यार्थी दारात आला की दुसरी खुर्ची पुढे सरकत असे.

त्या खुर्चीवर वर्षभरापासून सर्वांत जास्त बसलेली विद्यार्थिनी म्हणजे तस्नीम मुजावर. सव्वीस वर्षांची, बुद्धीने तल्लख, हाताने चपळ आणि स्वभावाने थोडी उतावळी. तिने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी एक छोटं यंत्र तयार केलं होतं. सुपारीएवढी डबी, तिच्यावर एक बटण. रुग्णाने बटण दाबलं की घरात दुसरीकडे ठेवलेली घंटा वाजे. डबीच्या आत एक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे नखाएवढी विचार करणारी चिप, आणि सोबत एक चपटा गोल सेल. चिप सदैव झोपलेली असे. बटणाची तार तिच्या ज्या पिनला, म्हणजे धातूच्या पायाला, जोडलेली होती, तिथे बटण दाबलेलं कळलं की ती जागी होई, घंटेला निरोप धाडी आणि पुन्हा झोपी जाई. झोपेत ती जवळजवळ काहीच खात नसे. म्हणूनच तो एवढासा सेल वर्षभर पुरेल, असा तस्नीमचा हिशेब होता.

तिने अशा नऊ डब्या नऊ घरांत दिल्या. आठ घरांत सारं सुरळीत चाललं. नवव्या घरात सेल एकोणीस दिवसांत संपला.

ते घर मिरजेजवळच्याच एका खेड्यातलं, बाळगोंडा पाटील यांचं. उभी हयात त्यांनी इचलकरंजीत यंत्रमागावर काढली होती. पक्षाघाताने उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर वाचाही गेली. मुलगा कामासाठी परगावी. घरी सून पद्मा, जी पुढच्या खोलीत बसून शिलाईकाम करी. ज्याला हाक मारता येत नाही, त्याच्यासाठी ते बटण म्हणजेच हाक होती.

तस्नीमने सेल बदलला. दुसरा सतरा दिवसांत संपला. तिसरा कधी संपला ते कुणालाच कळलं नाही. त्या दिवशी दुपारी पाटील पाण्याचं भांडं घ्यायला वळले आणि पलंगावरून घसरून खाली पडले. पद्मा पुढच्या खोलीत मशीनवर होती. चार वाजता ती चहा घेऊन आत आली, तेव्हा सासरे जमिनीवर होते.

"दीड तास पडून हुते ताई," पद्माने फोनवर सांगितलं. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तस्नीमला अधिक लागलं. "बटण हातातच हुतं. दाबून दाबून अंगठा पांढरा पडलेला. मी भिंतीपलीकडंच हुते ओ."

सुदैवाने हाड मोडलं नाही. पण तस्नीमला त्या रात्री जेवण गेलं नाही. तिने सर्व डब्यांत आधी एक सोय केली: सेल उतरू लागला की घंटेने वेगळा आवाज करून तसं सांगावं. मग मूळ दोष शोधायला बसली. सरांच्या टेबलावर पाटलांची डबी तिने तीन दिवस मोजली. झोपेतला करंट ठीक. जागेपणीचा ठीक. जोडणी ठीक.

"सर, डबीत काहीच बिघाड नाही," ती म्हणाली.

"मग बिघाड जिथे आहे तिथे जाऊ या," सर म्हणाले. "तू एकदा त्यांच्या घरी नुसती बसून ये. मीटर नेऊ नकोस."

ती गेली. पलंगाशेजारी स्टुलावर बसली. पाटलांचा डोळा लागला होता. डबी त्यांच्या डाव्या मुठीत होती आणि झोपेतही अंगठा बटणावर दाबलेला होता. घट्ट. अर्ध्या तासात तो एकदाही सुटला नाही.

"असंच असतं," पद्मा म्हणाली. "सकाळी हातात दिलं की एकदा घंटा वाजती. मी जाते, तर त्यास्नी काय नको असतं. मग दिवसभर गप."

तस्नीमच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बटण दाबलेलं दिसलं की जागं व्हायचं, असंच तिने चिपला शिकवलं होतं. चिप निरोप देई, झोपायला जाई, तर बटण दाबलेलंच. पुन्हा जाग, पुन्हा पाहणी, पुन्हा झोपेचा प्रयत्न. सेकंदात शेकडो वेळा, दिवसभर. बटण सुटेपर्यंत घंटा दुसऱ्यांदा वाजू नये, ही काळजी तिनेच घेतलेली असल्यामुळे बाहेर कुणाला याचा पत्ता नव्हता. सगळा सेल त्या व्यर्थ जागरणात जळत होता.

परतताना तिला हायसं वाटलं. यंत्र निर्दोष होतं; वापर चुकीचा होता. दुसऱ्या दिवशी तिने मोठ्या अक्षरांत एक कागद छापून आणला: 'बटण गरज असेल तेव्हाच दाबावे. सतत दाबून धरू नये.'

"पलंगासमोर चिकटवते," दोष कसा सापडला ते सांगून ती सरांना म्हणाली. "आणि बटणाला जरा कडक स्प्रिंग घालते, म्हणजे धरून ठेवताच येणार नाही."

सरांनी कागद वाचला. "मीही येतो," एवढंच म्हणाले.

दोघं दुपारी पाटलांच्या घरी पोहोचले. सरांनी पाटलांना नमस्कार केला, पलंगाशेजारचं स्टूल जवळ ओढलं, तस्नीमच्या हातातला कागद घेतला, त्याची नीट घडी केली आणि स्वतःच्या खिशात ठेवली. मग पाटलांकडे वाकून म्हणाले, "पाटीलसाहेब, बटण हवं तितकं घट्ट धरा. दिवसभर धरा. काही बिघडत नाही."

तस्नीम पाहतच राहिली.

"आत्ता मात्र सेल बदलायचा आहे. थोडा वेळ डबी हिच्याकडे द्या," सर म्हणाले. पाटलांची मूठ सुटेना. त्यांच्या डोळ्यांत भय उभं राहिलं. सरांनी बळजबरी केली नाही. आपल्या हाताची तर्जनी त्या मुठीशी नेऊन ठेवली. हळूहळू डबी सुटली आणि पाटलांनी बोट धरलं.

"काही हवंय का?" सरांनी विचारलं. पाटलांनी मान हलवली. नको.

सेल बदलायला तस्नीमला पाच मिनिटं लागली. पण सर बोट सोडवून घेईनात. पाटलांचे डोळे मिटले. थोड्या वेळाने सरांचीही मान छातीवर आली. पाऊण तास गेला. पद्माने आणलेला चहा निवून गेला. साडेतीनची एसटी चुकली. तस्नीम उंबऱ्यात बसून मनातल्या मनात चरफडत होती. दोष सापडला आहे, उपाय हातात आहे, आणि आपले गुरू इथे वामकुक्षी घेत आहेत!

मग पाटलांनी झोपेत कूस बदलायचा प्रयत्न केला. मूठ सैल झाली, बोट सुटलं. त्याच क्षणी सर जागे झाले. त्यांनी पाटलांची उशी सारखी केली, डबी पुन्हा हातात दिली आणि उठले.

एसटी थांब्यावरच्या बाकावर बसल्यावर तस्नीमला राहवेना. "सर, तुम्ही त्यांना दिवसभर धरा म्हणालात. वीस दिवसांनी हा सेलही संपेल. मग?"

"रागावलीस?"

"हो," ती म्हणाली. आणि लगेच, "माफ करा सर."

"माफी कसली? राग काळजीतूनच आलाय." सर म्हणाले. "तस्नीम, त्यांनी माझं बोट धरलं तेव्हा मी काय केलं?"

"काही हवंय का, असं विचारलंत."

"किती वेळा?"

"एकदा."

"एकदाच. काही नको होतं, म्हणून मी झोपलो. दर क्षणाला 'काय हवं, काय हवं' विचारत राहिलो असतो, तर तासाभरात मी थकलो असतो आणि तेही वैतागले असते. तुझी चिप नेमकं तेच करते आहे. मूठ मिटलेली आहे का, एवढाच प्रश्न तिला येतो. मूठ बदलली का, हा प्रश्न तू तिला शिकवलेलाच नाहीस. मिटली, तर एकदा जाग यावी. मिटलेलीच राहिली, तर शांत झोपावं. आणि उघडली, तर पुन्हा जाग यावी. कारण मूठ सुटणं हीसुद्धा बातमी असते."

तस्नीमने पिशवीतून वही काढून ते टिपून घेतलं.

"आणखी एक गळती आहे. बटण मोकळं असताना पिन हेलकावू नये म्हणून तू तिला करंट रोखणाऱ्या रेझिस्टरने सेलच्या वरच्या टोकाशी बांधून ठेवलं आहेस. ते योग्यच. पण बटण दाबलेलं असतं तोवर त्या रेझिस्टरमधून करंट खाली वाहत राहतो, चिप झोपलेली असली तरी. क्षणभर दाबणाऱ्याच्या घरी ते जाणवत नाही. दिवसभर धरणाऱ्याच्या घरी जाणवतं. तो रेझिस्टर मोठा कर, गळती थेंबावर येईल."

"पण सर, कागद चिकटवला असता तर हे काहीच करावं लागलं नसतं."

"खरं आहे," सर सौम्यपणे म्हणाले. "कागद सोपा होता. पण बाळ, ज्याची वाचा गेली आहे तो माणूस दिवसभर ते बटण का धरून बसतो, याचा विचार केलास? त्याला काही नको असतं. हाक अजून आपल्या हातात आहे, एवढीच त्याला खात्री हवी असते. भ्यालेल्या माणसाला मूठ सैल कर म्हणून सांगायचं नसतं. ती मूठ पेलेल असं काहीतरी त्याच्या हातात द्यायचं असतं. त्याच्या भीतीचा खर्च आपल्या यंत्राने सोसायला शिकायचं. यालाच मी कारागिरी म्हणतो."

एसटी आली. वाटेत तस्नीमने वहीत रेझिस्टरचे आकडे मांडायला घेतले.

काम वाटलं तितकं सोपं निघालं नाही. तिने रेझिस्टर एकदम फार मोठा घातला, तर पिन इतकी हळवी झाली की पद्माच्या शिलाई मशीनची मोटर सुरू झाली की चिप उगाच दचकून जागी होई. लहान केला, तर गळती वाढे. चार प्रयत्नांनंतर मधला आकडा सापडला. सोबत एक छोटा कपॅसिटर लावला, म्हणजे बारीकसारीक दचके तिथेच विरून जावेत. चिपला तिने बदल ओळखायला शिकवलं. मूठ मिटली की नेहमीची घंटा. बराच वेळ धरलेली मूठ सुटली की एक मंद, मंजुळ टिंग. मीटरचा काटा, बटण दाबून धरलेलं असतानाही, जवळजवळ शून्यावर निजून राहिला. तिने तो सरांना दाखवला. सरांनी चष्मा पुसून दोनदा पाहिला आणि दुसऱ्यांदा पाहताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

नवी डबी पाटलांकडे गेली. वीस दिवस गेले, चाळीस गेले. सेल तसाच. पहिल्या काही दिवसांत पाटलांचा हात झोपेत दोनचारदा सुटला, टिंग वाजली आणि प्रत्येक वेळी पद्मा मशीन थांबवून आत आली. उशी सरकवली, पाणी दिलं, कधी नुसतीच कपाळावर हात ठेवून गेली. मग तिच्या लक्षात आलं, की सासरे जागेपणीही मधूनच मूठ उघडून पाहतात. ती येते का, ते पाहतात.

ती येत असे.

तिसऱ्या महिन्यात एका दुपारी तिचा फोन आला.

"ताई, सोडलंय त्यांनी."

तस्नीमच्या हातातली सोल्डरिंगची कांडी तशीच थबकली. "काय झालं? बरे आहेत ना?"

"व्हय, व्हय. झोपल्यात. बटण उशीजवळ ठेवलंय. मी हातात द्याया गेले तर मानंनं नको म्हणाले आणि तळवा उघडा टाकून झोपले. घोरायला लागलेत बघा." पद्मा हसत होती. "आजारी पडल्यापास्नं असं झोपलेलं मी बघितलं नव्हतं ओ त्यास्नी. मशीन बंद करून हितंच बसलेय मी."

तस्नीमने हे सरांना सांगितलं. सरांनी हातातली कांडी खाली ठेवली. मग म्हणाले, "धरलेलंही ऐकू जातं आणि सोडलेलंही ऐकू जातं, हे ज्याला कळलं, त्याला धरून बसावं लागत नाही." आणि ते पुन्हा टेबलाकडे वळले.

त्या आठवड्यात तस्नीम उरलेल्या आठही घरांत जाऊन आली. तिथली यंत्रं ठीक चालत होती. तपासण्यासारखं काही नव्हतं. तिने पिशवीत मीटर घेतला नव्हता. शेवटच्या घरातल्या म्हातारबाईंच्या उशाशी ती बसली आणि तिने विचारलं, "आजी, दिवसभर एकटं पडून राहताना कशाची भीती वाटते?"

म्हातारबाईंनी मान तिच्याकडे वळवली. "आतापातूर समद्यांनी काय दुखतंय तेवढंच इचारलं," त्या म्हणाल्या. "हे कुणी इचारलंच न्हवतं बाई." आणि त्यांनी सरकून तिला बसायला आणखी थोडी जागा करून दिली.

आपल्यावर विसंबलेल्या माणसाला नियम सांगण्याआधी, त्याच्या उशाशी एक दुपार बसून पाहावं.