दोन वड आणि पहिला दगड

करवंदीच्या जाळ्यांमागे, लाल मातीच्या एका दरडीत, एक साळू आपल्या दोन पिल्लांना घेऊन राहत असे. बीळ कसलं, घरच होतं ते! पुढचं दार, मागचं दार, आत दोन खोल्या आणि वरून कितीही पाणी पडलं तरी आत थेंब नाही. चार महिने नखं झिजवून तिनं एकटीनं ते खणलं होतं. त्यामुळे बिळाचा विषय निघाला की साळूबाई काही लवकर गप्प बसायच्या नाहीत.

त्या जंगलात दुपारच्या वेळी पत्त्यांचा डाव बसे. हसताय काय? जंगलातही पत्ते असतात, मुलांनो, फक्त ते खऱ्या झाडांच्या पानांचे असतात. वानर पानं पिसायचा आणि वाटायचा. प्रत्येकाला दोन पानं मिळत, ती आपली आपण बघून पालथी ठेवायची. मग वानर मध्ये तीन पानं एकेक करून उघडी मांडायचा. हातातली आणि मधली मिळून ज्याच्याकडे एकाच झाडाची जास्त पानं जमतील, तो जिंकला. बरोबरी झालीच तर मोठ्या झाडाचा मान. सगळ्यांत मोठा वड आणि सगळ्यांत धाकटी बोर.

खेळणारे तिघं : साळू, घोरपड आणि कोल्हा. बसायला तीन दगड. मधलं पान उघडण्यापूर्वी दर वेळी पहिल्या दगडावर बसेल त्यानं आधी बोलायचं, मधल्यानं त्याच्यानंतर, आणि शेवटच्या दगडावरच्यानं सगळ्यांचं ऐकून मग तोंड उघडायचं. बोलायचं म्हणजे काय, तर कंद लावायचे, दुसऱ्यानं लावले असतील तेवढे भरायचे, नाहीतर पानं टाकून द्यायची. एकदा ढिगात गेलेला कंद परत मागायचा नाही. दर डावाला दगड बदलायचे, म्हणजे कुणाची तक्रार नको.

आता आपल्या साळूची एक गंमत होती. चांगलं पान आलं की तिच्या पाठीवरचे काटे आपोआप उभे राहायचे आणि खळखळ वाजायचे. तो आवाज आला की बाकीचे दोघं लगेच पानं टाकून मोकळे! बिचारी रडकुंडीला यायची. मग तिनं मनावर घेतलं. महिनाभर बिळात बसून तिनं काटे अंगाशी दाबून धरायचा सराव केला. शेवटी काहीही झालं तरी एक काटा हलेना, तेव्हा ती ऐटीत डावाला आली.

त्या दुपारी पहिल्या डावाला ती शेवटच्या दगडावर होती. पानं अगदीच भिकार आली, एक आंब्याचं आणि एक जांभळाचं. पहिल्या दगडावरून घोरपडीनं एक कंद लावला. मधल्या दगडावरच्या कोल्ह्यानं नाक मुरडून पानं टाकली. साळूनं एक कंद भरला. मध्ये पिंपळाचं पान उघडलं, तशी घोरपड चुळबुळली, "बघू... लावते आणखी एक," असं पुटपुटली. तिचा तो पडलेला आवाज साळूनं ऐकला आणि धडाधड पाच कंद पुढे ढकलले. घोरपडीनं पानं टाकली आणि ढीग साळूचा झाला.

"पाहिलंत माझे काटे?" साळू म्हणाली. "एक तरी हलला का?"

"काट्यांनी नाही गं जिंकलीस, दगडानं जिंकलीस," घोरपड म्हणाली. "आमचं दोघांचं ऐकून बोललीस ना तू!"

"मावशी, हरलं की असंच वाटतं," साळू हसून म्हणाली.

दुसऱ्या डावाला दगड बदलले. साळू पहिल्या दगडावर आली, घोरपड मधल्या आणि कोल्हा शेवटच्या. वानरानं पानं वाटली. साळूनं आपलं पहिलं पान हळूच उचकून पाहिलं, तर वड. दुसरं पाहिलं, तर तेही वड! दोन वड! दोन पानांत याहून मोठं काही असूच शकत नाही. तिनं सगळा जीव पाठीवर एकवटला आणि काटे दाबून धरले. एकही काटा हलला नाही.

मग ती बोलली, "दहा कंद."

घोरपडीनं तिच्याकडे बघितलं, पानं टाकली आणि म्हणाली, "बाई गं, पहिल्या दगडावरून दहा! मी नाही येत बाबा यात."

कोल्ह्यानं मान वाकडी करून थोडा विचार केला. "बघू तरी पुढे काय उघडतंय," असं म्हणून त्यानं दहा कंद भरले. वानरानं मधलं पहिलं पान उघडलं. आंबा.

"वीस," साळू लगेच म्हणाली. घाई कशाची होती कुणास ठाऊक! कोल्ह्यानं सुस्कारा टाकत वीस भरले. वानरानं दुसरं पान उघडलं. ते होतं बोरीचं, किडक्या कडांचं, इवलंसं. साळूला हसूच आलं. बोरीला कोण विचारतो? खरं म्हणजे इथं तिनं जरा दम खायला हवा होता. इतके कंद भरूनही हा कोल्हा उठत का नाही, एवढं तरी मनाशी विचारायला हवं होतं. पण आधी बोलायची पाळी तिची, आणि डोळ्यांपुढे नुसते दोन वड.

"सगळे!" ती म्हणाली, आणि पावसाळ्यासाठी साठवलेले होते नव्हते तेवढे कंद तिनं ढिगात लोटले.

कोल्ह्यानं आपले सगळे कंद भरले, मग शेपटी पुढे घेऊन पंजाभोवती गुंडाळली. "साळूताई, कंद संपले तुमचे," तो म्हणाला. "पण माझं बोलणं अजून संपलं नाही. मी माझी गुहा लावतो. तुम्ही तुमचं बीळ लावा. नसेल लावायचं तर पानं टाका, ढीग माझा."

साळू गारच पडली. बीळ? तिचं बीळ? असलं काही कुणी डावावर लावतं का? तिनं वानराकडे पाहिलं. वानरानं खांदे उडवले. कंद संपले की दुसरं काही लावायचं, हे नियमात बसत होतं.

"अगं, ऊठ तिथून," घोरपड कळवळून म्हणाली. "कंद गेले तर गेले. कंद पुन्हा खणता येतील."

साळूनं पुन्हा एकदा आपली पानं उचकून पाहिली. वड आणि वड. हा कोल्हा घाबरवतोय, दुसरं काय! आणि इतकी मोठी पानं हातात असताना उठायचं? मग आपण महिनाभर काटे दाबत बसलो ते कशासाठी?

"लावलं," ती म्हणाली.

वानरानं तिसरं पान उघडलं. पिंपळ. साळूनं आपली पानं धाडकन उलटी केली. "दोन वड!" ती ओरडली, आणि इतका वेळ दाबलेले सगळे काटे खळ्ळकन उभे राहिले.

कोल्ह्यानं आपलं एक पान उलटलं. बोर. दुसरं उलटलं. बोर. मधली एक बोर धरून तीन झाल्या.

साळूला काही कळेचना. तिनं मधली पानं पाहिली, आपली पाहिली, पुन्हा मधली पाहिली. "दोन वड होते माझ्याकडे," ती म्हणाली. "वड होते हो! बोरीनं कसं काय..." उभे राहिलेले काटे एकेक करून आडवे झाले आणि तिला ते कळलंही नाही.

"पण तुला कळलं कसं?" तिनं शेवटी विचारलं. "माझा एकही काटा हलला नव्हता!"

"काटे कशाला बघू?" कोल्हा म्हणाला. "तुम्ही तीनदा माझ्या आधी बोललात. पहिल्याच बोलीला मी ओळखलं, हे वड आहेत. मधे बोर आली नसती तर आधी भरलेले कंद सोडून, पानं टाकून घरी गेलो असतो. बोर आली, तेव्हा तुम्ही स्वतःच सगळं माझ्यापुढे आणून ठेवलंत. मी फक्त तुमच्यानंतर बोललो."

घोरपडीनं डोळे मिटून घेतले. वानर गुपचूप पानं गोळा करायला लागला.

ऊन कलायच्या आत कोल्हा बीळ ताब्यात घ्यायला आला. त्यानं पुढचं दार पाहिलं, मागचं दार पाहिलं, आणि "फारच छान खणलंय हो," असं मनापासून म्हणाला. साळू पिल्लांना घेऊन बाहेर पडली. दरड संपेपर्यंत तिनं तीनदा मागे वळून पाहिलं. तिचा अजूनही विश्वास बसत नव्हता.

"आई, तू डाव हरलीस का गं?" थोरल्या पिल्लानं विचारलं.

"दोन वड होते माझ्याकडे," साळू म्हणाली. "दोन वड, बाळा! सगळ्यांत मोठी पानं."

"मग आपण का निघालो?" पिल्लू म्हणालं.

पुढे एक बरी दरड दिसली, तिथं साळू थांबली आणि झिजलेल्या नखांनी माती उकरू लागली.

तात्पर्य : हातात काय आहे हे पाहावं, तसंच आपण कुठे बसलो आहोत तेही पाहावं. ज्याला सगळ्यांच्या आधी बोलावं लागतं, त्यानं उत्तम पानांवरही बेतानंच बोलावं.